पाठीमागचं वाङ्मय

मराठी वाङ्मयाचे प्रकार किती, हा प्रश्न आमच्या बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हता. आम्हांला डेबिट आणि क्रेडिट असे दोनच प्रकार शिकवले आणि बँकेत आयुष्य काढायला ते पुरतात. तेव्हा समीक्षा लिहायचा अधिकार याला कोणी दिला, असं कोणी विचारलंच तर माझं उत्तर सरळ आहे. शेंगाचटणीवर मत द्यायला सोलापुरात कोणी शेंगदाण्यात पदवी घेतलेली नसते. जो रोज खातो तो बोलतो. मी रोज वाचतो, म्हणून लिहितो.

वाचतो काय? तर पुढच्या गाडीची नंबरप्लेट. सात रस्त्याला सिग्नल लागला की मी वाचतो. विजापूर रोडला ट्रॅक्टरच्या मागे अडकलो की सावकाश, चवीनं वाचतो. वाचक कमी झाले, वाचनसंस्कृती बुडाली, असे परिसंवाद दरवर्षी होतात. पण हे एक वाङ्मय असं आहे की ते विकत घ्यावं लागत नाही, ग्रंथालयात परत करावं लागत नाही आणि नको म्हटलं तरी वाचावं लागतं. आपल्या जिल्ह्यात लाखो प्रती फिरताहेत. असं असून एकाही समीक्षकानं त्याची दखल घेऊ नये, याला काय म्हणावं? बहुतेक समीक्षक रिक्षानं जात असावेत. रिक्षात बसलेल्याला पुढच्या गाडीपेक्षा मीटर जास्त वाचनीय वाटतो.

या वाङ्मयाचा उगम पाहू. इतर वाङ्मयाचा उगम वेदांत, लोकगीतांत, झालंच तर प्रेमभंगात असतो. याचा उगम पोलिसांत आहे. १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी फर्मान काढलं की, मोटारवाल्यांनी गाडीवर आपली ओळख लिहावी. इंग्लंडनं १९०३ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून तिथल्या गाड्यांना नंबर लागले. म्हणजे पहिल्या दिवसापासून गोष्ट स्पष्ट होती. पाटी गाडीवाल्याची हौस म्हणून निघालेली नाही. ती दुसऱ्यांनी वाचावी म्हणून त्याला लावायला लावलेली आहे. लेखक एक, सक्ती सरकारची आणि वाचक रस्त्यावरचा कोणीही. हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे १९१४ चा मोटार कायदा आला, मग १९३९ चा आला. मुंबई इलाख्याच्या गाड्यांवर मुंबईचा ‘बी’ असे. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि ‘एम’चं राज्य आलं. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे जास्तीत जास्त चार आकडे. याला मी तीनअक्षरी कालखंड म्हणतो. या काळातलं वाङ्मय दुर्बोध होतं. तीन अक्षरांवरून गाडी कुठल्या गावची हे फक्त जाणकारांना कळे. आमच्या लहानपणी गल्लीत एक आजोबा होते. ओट्यावर बसून ते लांबून येणाऱ्या गाडीचं गाव सांगत. ते बरोबर सांगायचे की चूक, हे तपासायची आमची ऐपत नव्हती. दुर्बोध वाङ्मयाचा हाच फायदा असतो. अर्थ सांगणाऱ्याला मान मिळतो.

वडिलांची बजाज स्कूटर याच कालखंडातली. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. खाजगी गाडीला तेव्हा काळी पाटी असे, म्हणून ‘पाटी’ हा शब्द अगदी चपखल होता. शाळेतल्या पाटीवर पेन्सिलीनं काढल्यासारखे आकडे दिसायचे. पुढे हे उलटं झालं. आता खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळं, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं, आणि विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी. हिरवी पाटी पाहिली की मला आमच्या बँकेतली हिरवी शाई आठवते. ती वापरणारा माणूस आपल्यापेक्षा वरचा आहे, एवढंच त्यातून कळतं.

मग आला १ जुलै १९८९. त्या दिवशी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि या वाङ्मयात क्रांती झाली. राज्याला दोन अक्षरं, कार्यालयाला दोन आकडे, मग मालिकेची अक्षरं, मग नंबर. महाराष्ट्राला ‘एम.एच.’ मिळालं आणि सगळ्या जिल्ह्यांची एक रांग लागली. या रांगेचं कथानक मला फार आवडतं. एक, दोन, तीन मुंबईत. चार ठाणे, पाच कल्याण. मग गाडी कोकणात उतरते : सहा रायगड, सात सिंधुदुर्ग, आठ रत्नागिरी. तिथून घाट चढून नऊला कोल्हापूर, दहाला सांगली, अकराला सातारा, बाराला पुणे आणि तेराला सोलापूर! एस.टी.नं इतका वळसा घालून कोणी सोलापूरला आलं नसेल, पण कथानक म्हणून घाटवळणं बरी आहेत. सोलापूरनंतर मात्र लेखकाचा तोल गेला. चौदाला तो परत पिंपरी-चिंचवडला गेला. सोलापूरला आलेला साहेब पहिल्या गाडीनं परत पुण्याकडे बदली मागतो, त्याचाच हा परिणाम असावा.

तर आम्हांला तेरा मिळाला. आता तेरा या आकड्याबद्दल मराठी भाषा काय बोलते ते तुम्हांला ठाऊक आहेच. कामाचे वाजतात ते तीन तेरा. माणूस गेल्यावर करतात ते तेरावं. आणि दुष्काळात येतो तो तेरावा महिना. ज्या जिल्ह्याच्या नशिबी दुष्काळ कायमचा, त्याला तेरावा महिनाही गाडीच्या मागे बांधून द्यावा, ही सरकारी प्रतिभा साधी नव्हे. तरी सोलापूरकरानं कुरकुर केली नाही. शेजारी पुण्याला बारा मिळाला होता आणि बारा वाजणं हे तीन तेरा होण्याच्या आधी येतं, एवढा हिशोब करून आम्ही समाधान मानलं. शिवाय हिंदीत ‘तेरा’ म्हणजे तुझा. रिक्षावाल्यानं कट मारला आणि आपण शिवी घालायला तोंड उघडलं की समोर पाटी म्हणते, ‘तेरा’. राग निम्मा होतो.

पुढे जिल्ह्यात दुसरं कार्यालय झालं, अकलूजला. त्याला पंचेचाळीस मिळाला. जिल्ह्याचं विभाजन व्हावं की नाही, यावर भाषणं होत राहोत. नंबरप्लेटीवर ते होऊन गेलं आहे. आता गावाकडच्या लग्नात ‘पासिंग कुठलं?’ हा प्रश्न विचारला जातो तो गाडीबद्दल असतो, पण कान मुलीकडच्यांचे टवकारतात.

या कालखंडाचा मोठा गुण म्हणजे सुबोधता. पोरगंही सांगू लागलं की, पंचवीस म्हणजे धाराशिव, चोवीस लातूर, आणि के.ए. अठ्ठावीस म्हणजे विजापूरकडची. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरते तेव्हा गड्ड्यावर गाड्यांच्या रांगेतून चाललं की भूगोलाचं पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. तेरा, पंचवीस, पंचेचाळीस, के.ए. अठ्ठावीस, के.ए. बत्तीस, मधूनच तेलंगणाची एखादी. मुलांना भूगोल शिकवायचा तर मास्तरांनी वर्ग तिथं भरवावा. फक्त उत्तरपत्रिका भज्यांच्या कागदावर मिळतील.

एक बारकावा राहिला. मालिकेच्या अक्षरांत इंग्रजी ‘आय’ आणि ‘ओ’ वापरत नाहीत. एक आणि शून्य यांच्याशी घोळ होतो म्हणून. मराठी माणसाला हे चटकन लागतं. ज्या वाङ्मयात ‘आय’ नाही आणि हाकेला ‘ओ’ नाही, ते थोडं कोरडंच व्हायचं.

हा कोरडेपणा घालवला पेंटरांनी. १९८९ पासून पुढची तीस वर्षं मी पेंटर कालखंड मानतो आणि ललित अंगानं हाच सुवर्णकाळ होता. गाडीवर नंबर पडला की माणूस आर.टी.ओ.तून निघून थेट पेंटरकडे जाई. एखादं लिंबाचं झाड, त्याखाली टपरी, टपरीला टांगलेल्या नमुन्याच्या पाट्या आणि रंगाच्या डब्यांवर डबे. पेंटर तोंडातला तंबाखू सांभाळत विचारी, “साधं का फॅन्सी?” हा प्रश्न त्यानं आमच्या वडिलांनाही विचारला होता. वडील सरकारी नोकरीत होते. ते म्हणाले, “वाचता येईल असं.” पेंटरचं तोंड उतरलं. कुठल्याही कलावंताला याहून मोठा अपमान नसतो. तरी त्यानं दोन ओळी आखल्या, मनगट दुसऱ्या हातावर टेकवलं आणि एका दमात आकडे ओढले. काय सरळ हात होता! आमच्या बँकेतल्या जुन्या लेजरांत असे आकडे मी पाहिले आहेत. कॉम्प्युटर आल्यावर ते गेले.

‘फॅन्सी’ म्हटलं की मात्र हाच पेंटर बेभान होई. अक्षरांना सावली, सावलीला कडा, कडेला ज्वाळा. नऊच्या शेपटीत नाग. शिवाय वर सिद्धेश्वर प्रसन्न, खाली आई-वडिलांचा आशीर्वाद, डाव्या कोपऱ्यात संघटना, उजव्या कोपऱ्यात मुलीचं नाव, आणि उरलेल्या जागेत, उरलीच तर, नंबर. एका टेम्पोवर मी मालकाच्या तिन्ही मुलांची नावं वाचली आणि नंबर शोधेपर्यंत टेम्पो विजापूर वेशीतून निघून गेला. मुलं गुणी असतील. टेम्पो कोणाचा ते आजतागायत कळलं नाही.

याच काळात अंकांना अक्षरांचे डोहाळे लागले. इंग्रजी चार जरा वाकवला की ‘द’ होतो, शेजारचा एक म्हणजे काना. अशा रीतीनं एकेचाळीस एकेचाळीसचा ‘दादा’ झाला. दोनशे चौदाचा ‘राम’ झाला. आठ-शून्य-पाच-पाच यांतून ‘बॉस’ निघाला, तर चार-नऊ-एक-दोन यांतून ‘पवार’. आमच्या कॉमर्सच्या माणसाला यात एक कायदेशीर गंमत दिसते. चेकवर रक्कम अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल, तर अक्षरांतली खरी धरावी, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम अठरा सांगतं. आमच्या गाडीवाल्यांनी तो नियम रस्त्यावर आणला. अंकांत काही का असेना, अक्षरांत ‘दादा’ आहे ना, मग दादाच खरा!

असा नंबर नशिबानं पडत नाही, तो पैसे भरून घ्यावा लागतो. सरकारनं याचं दरपत्रकच केलेलं आहे. एकाच नंबरावर दोघांची माया बसली, तर पाकिटं बंद करून जास्त रकमेचा डिमांड ड्राफ्ट देईल त्याला तो मिळायचा. असे कितीतरी ड्राफ्ट या हातांनी केले आहेत. काउंटरवर आलेला मुलगा इकडेतिकडे बघून हळूच विचारी, “साहेब, दुसऱ्यानं केवढ्याचा काढला ओ?” घराच्या व्यवहारात जो माणूस शेजाऱ्याला आकडा कळू देत नाही, तो इथं नंबरासाठी एवढा का झुरतो, हे मला अर्थशास्त्राच्या एकाही पुस्तकात सापडलं नाही. २०२४ मध्ये दर वाढले. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीला एक नंबर हवा असेल तर सहा लाख. मालिका सोडून हवा असेल तर आणखी वर. सहा लाखांत एक बरी गाडी येते. पण मग तिला नंबर कुठला घेणार?

हे खूळ आपल्याच मातीत उगवलं आहे, असं समजून कोणी खजील होऊ नये. जगभर पाटीनं माणसाला नादावलं आहे. कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९०४ मध्ये सरकारनं नंबर दिले, पण पाटी द्यायला विसरलं म्हणा. ज्यानं त्यानं आपली आपण करून घ्यायची. लोकांनी चामड्याच्या तुकड्यावर धातूचे आकडे ठोकले. सरकारी पाटी मिळाली ती १९१३ मध्ये. म्हणजे पेंटर कालखंड त्यांच्याकडे आधी होऊन गेला, फक्त पेंटरच्या जागी चांभार होता. पुढे तिथल्या प्रांतांनी पाटीवर घोषवाक्यं घालायला सुरुवात केली. ब्रिटिश कोलंबियानं स्वतःला सुंदर म्हणवून घेतलं. क्वेबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत. त्याच्या पाटीवरही आधी ‘सुंदर प्रांत’ अशाच अर्थाचं काही होतं. ते काढून १९७८ मध्ये त्यांनी ‘मला आठवतं’ अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य घातलं. काय आठवतं, कोणाचं आठवतं, यावर तिथले लोक अजून भांडतात. वायव्य प्रांतानं तर १९७० मध्ये पाटीच पांढऱ्या अस्वलाच्या आकाराची कापली. हे वाचल्यावर माझ्या मनात क्षणभर आलं की, आपल्या तेराची पाटीही चादरीच्या आकाराची असावी. मग लक्षात आलं की, चादरीचा आकार चौकोनीच असतो. आपण आधीच करून बसलो आहोत.

एक मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. अस्वल असो की आठवण, नंबर स्वच्छ दिसतो. अस्वलाच्या पोटावर आकडे ठळक असतात. त्यांनी सजावट केली ती नंबराभोवती. आपण केली ती नंबराचीच.

आणि इथं थट्टा थोडी बाजूला ठेवून समीक्षकाचं काम करायला हवं.

आमच्या शाखेतून निवृत्त झालेले एक शिपाई आहेत. सगळी शाखा त्यांना मामा म्हणते. २०२२ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी होटगी रोडनं सायकलवरून घरी जाताना मागून आलेल्या एका जीपनं त्यांना उडवलं. जीप थांबली नाही. मामा रस्त्याच्या कडेला पडले, उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. लोक धावले. सोलापूर आहे, धावणाऱ्यांत एक मराठी बोलणारा, एक तेलुगू, एक कन्नड आणि एक आपली सोलापुरी उर्दू बोलणारा होता. चौघांनीही जीप पाहिली होती. चौघांनीही पाटी पाहिली होती. हवालदारानं नंबर विचारला, तेव्हा चौघांनीही चार भाषांत एकच उत्तर दिलं : दादा.

“कुठला दादा?” हवालदार म्हणाला.

पुढचं कोणाला वाचता आलं नव्हतं. एम.एच. होतं का? असेल. तेरा का पंचवीस? वर मुंगीएवढं काहीतरी होतं. मालिका? दाच्या काठाला ज्वाळा होत्या, त्यांच्यात गेली. आता एकेचाळीस एकेचाळीस हा नंबर प्रत्येक मालिकेत एकदा येतो, आणि जिथं जिथं येतो तिथं तिथं एक दादा तो घ्यायला पैसे भरून उभा असतो. राज्यात दादा किती असतील, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या वॉर्डावरून करावा. कागदावर शेवटी दोनच शब्द आले : ‘अज्ञात वाहन’.

अज्ञात वाहन म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला लवकर समजतं. नंबर हा खाते क्रमांकासारखा असतो. नंबर कळला तर मालक कळतो, विमा कंपनी कळते, दावा न्यायाधिकरणापुढे जातो; माणसाचं वय काय, कमाई काय, पाय कायमचा गेला का, हे सगळं बघून भरपाई ठरते. नंबर नसेल तर खातंच नाही. मग कोणाच्या नावे टाकायचं? त्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तर ठरावीक रक्कम मिळते. पूर्वी मृत्यूला पंचवीस हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार होते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार केले. वय बघत नाहीत, कमाई बघत नाहीत. तहसील कचेरीत अर्ज, पोलिसांचा कागद, दवाखान्याचा कागद, पासबुकाची झेरॉक्स. ती झेरॉक्स मीच काढून दिली. मामा पुढचे कित्येक महिने कुबडी घेऊन पासबुक भरायला येत आणि मशीनमधून निघालेल्या ओळीवर बोट ठेवून विचारत, “ह्यात आहे का?”

वाचकहो, मी कारकून माणूस. दोन आकडे शेजारी आले की माझी नजर आपोआप बेरीज-वजाबाकी करते. एक नंबर सगळ्यांना दिसावा म्हणून माणूस सहा लाख देतो. आणि ज्याचा नंबर कोणाला वाचता आला नाही, अशा गाडीखाली माणूस मेला तर दोन लाख. हा ताळेबंद जुळवून दाखवणारा चार्टर्ड अकाउंटंट मला अजून भेटायचा आहे.

म्हणून या वाङ्मयाबद्दल माझं मत मी इथं नोंदवून ठेवतो. कविता दुर्बोध असली तर वाचक पुस्तक मिटतो. कादंबरी कंटाळवाणी असली तर डुलकी घेतो. नंबरप्लेटीच्या वाचकाला ही मोकळीक नाही. तिचा खरा वाचक सिग्नलला आरामात उभा असलेला माझ्यासारखा हौशी नसतो. तो रस्त्यावर आडवा पडलेला असतो, किंवा त्याच्याकडे धावत निघालेला असतो; आणि त्याच्याजवळ वाचायला दोन सेकंद असतात. एवढ्या घाईत आणि एवढ्या गरजेनं दुसरं कुठलंही लिखाण कोणी वाचत नाही. त्या दोन सेकंदांत जे वाचता येत नाही, ते या प्रकारात वाईट लिखाण. मग अक्षराला सावली असो की सोन्याचं पाणी असो.

या कसोटीवर मी एक अप्रिय मतही मांडतो. पाटी मराठीत असावी, असं म्हणणारे माझे मित्र आहेत. नियमात इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे सांगितले आहेत, याचं त्यांना वाईट वाटतं. मलाही वाटतं. पण सोलापुरात मराठीवाल्यानं मराठीत लिहिलं, तर कन्नडवाला कन्नडमध्ये लिहील, तेलुगूवाला तेलुगूत, आणि मामांकडे धावलेल्या चौघांपैकी प्रत्येकाला फक्त आपापल्या माणसानं दिलेली धडक वाचता येईल. भाषेचं प्रेम दुकानाच्या पाटीवर करू. तिथं गिऱ्हाईक थांबून वाचतं.

आता सध्याच्या, म्हणजे तिसऱ्या कालखंडाबद्दल. नियमांत त्याची तरतूद २००१ पासून होती; नव्या गाड्यांना सक्ती झाली १ एप्रिल २०१९ पासून. अॅल्युमिनियमची पाटी, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचं चमकतं चिन्ह, खाली लेसरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय निघणार नाही असं कुलूप. मग जुन्या गाड्यांनाही हीच पाटी लावायचं फर्मान निघालं. ३१ मार्च २०२५ ही मुदत दिली, ती वाढवली, मग वाढवलेली वाढवली. आमच्या बँकेत ‘के.वाय.सी.’ची शेवटची तारीख अशीच असते. तिला शेवटची म्हणतात, कारण तिच्यानंतर पुढची येते. दुचाकीला साडेचारशे रुपये आणि वर कर. लोकांनी कुरकुर केली. फॅन्सी नंबराला ड्राफ्ट काढणाऱ्यांनी जास्त केली.

साहित्य म्हणून ही पाटी नीरस आहे, हे मी मान्य करतो. सगळ्यांचं अक्षर एकच. चारचाकीला अक्षराची उंची पासष्ट मिलिमीटर, जाडी दहा, मधली जागा दहा. दादा, मामा, बॉस, कारकून, सगळे त्याच पासष्ट मिलिमीटरांत. आधुनिक कवितेत इतकी समता अजून आलेली नाही. चार वाकत नाही, त्याला काना लागत नाही. एकेचाळीस एकेचाळीस हा निमूटपणे एकेचाळीस एकेचाळीस राहतो.

पेंटरबद्दल मात्र मला वाईट वाटतं. दोष त्याचा नव्हता. वडिलांनी ‘वाचता येईल असं’ म्हटल्यावर त्यानं काढलेले आकडे स्कूटर भंगारात जाईपर्यंत पन्नास पावलांवरून वाचता येत होते. त्याला लेसर लागला नाही. त्याला फक्त सरळ लिहायला सांगणारं गिऱ्हाईक लागत होतं आणि अशी गिऱ्हाइकं आम्ही त्याला पुरेशी दिली नाहीत. सरकारनं शेवटी मशीन आणलं. हात चांगला असून मजकूर वाईट मागितला गेला की असंच होतं. मागे मी त्या लिंबाखालून गेलो. पेंटर आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर तो एका घराण्याची तीन पिढ्यांची नावं रंगवत होता. “नंबर बंद झाले साहेब,” म्हणाला, “पण नावं ठेवायचं काम चालूच आहे.” मी त्याला म्हटलं, आमचाही समीक्षेचा धंदा साधारण तोच.

मामांचे पन्नास हजार आले. निम्मे आधीच्या उसनवारीत गेले. पाय थोडा आखूड राहिला. पेन्शनच्या दिवशी ते शाखेत येतात, काम झालं तरी लगेच जात नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून रस्त्याकडे बघतात. आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर मोठ्यानं वाचतात. “एम.एच. तेरा... के.ए. अठ्ठावीस... एम.एच. बारा...” नव्या पोरांना वाटतं, म्हातारा भ्रमला. मला तसं वाटत नाही. उभ्या सोलापुरात या वाङ्मयाचं इतकं मन लावून वाचन दुसरं कोणी करत नाही. परवा मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याशेजारी बसलो होतो. एक जुनी गाडी गेली. पाटीवर चिखल, चिखलाखाली बहुधा वाघ, वाघाच्या पंजाखाली काहीतरी.

मामांनी मान लांब केली, डोळे बारीक केले.

“हे नाही आलं,” ते म्हणाले. आणि गाडी वळेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले.